खारवाडा विद्युतीकरण : प्रकल्प नोंदी

८ सप्टेंबर २०२४

दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन झाले, मखर आवरले गेले आणि गॅलरीलगतच्या खोलीतील भिंत पुन्हा मोकळी झाली, तेव्हा दोन वर्षे मनात घोळत असलेले काम आजपासून हाती घेतले. ज्यांनी या आधीच्या नोंदी वाचल्या नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खारवाडा हे स्थानक नकाशावर कोठेही नाही. ते माझ्या घरात एल आकाराच्या फळीवर १:८७ या प्रमाणात उभे आहे, आणि मुंबईच्या हार्बर मार्गावर रे रोडच्या आसपास असे एखादे स्थानक असते तर ते कसे दिसले असते, या कल्पनेवर ते बेतलेले आहे. कुर्ला ते रे रोड हा मार्ग १२ डिसेंबर १९१० रोजी सुरू झाला. माझी प्रतिकृती आजवर त्याच काळातील होती : वाफेचे इंजिन, तीन डबे, दगडी इमारत, कौलारू छप्पर आणि लाकडी पादचारी पूल.

पुढे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर देशातील पहिली विजेची गाडी धावली. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. त्या घटनेला येत्या फेब्रुवारीत शंभर वर्षे पूर्ण होतील. खारवाड्याला १९१० मधून १९२५ मध्ये आणायचे, म्हणजे मार्गावर तार टाकायची आणि स्थानक नव्याने बांधायचे, असा हा प्रकल्प आहे. तार केवळ शोभेची नसेल. गाडी त्या तारेतूनच वीज घेईल.

नोकरीची एकतीस वर्षे रेल्वेच्या ओव्हरहेड विभागात, म्हणजे गाड्यांना वीज देणाऱ्या वरच्या तारांच्या कामात, गेल्यामुळे हे काम आपल्याला सोपे जाईल, असा माझा समज आहे. तो येथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे उपयोगी पडेल.

१५ सप्टेंबर २०२४

आज सर्वेक्षण केले. मार्गाचे विद्युतीकरण म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर खांब आणि तारा येतात, पण प्रत्यक्षात पहिला महिना टेप आणि वही घेऊन पुलांखालून फिरण्यात जातो, कारण तार कोठून जाऊ शकत नाही हे आधी कळावे लागते.

आजच्या २५ केव्हीच्या (२५ हजार व्होल्टच्या) मार्गावर संपर्क तारेची, म्हणजे गाडी जिला टेकून वीज घेते त्या तारेची, नेहमीची उंची रुळापासून ५.६० मीटर असते. १९२५ ची यंत्रणा १,५०० व्होल्ट डीसीची (एकदिश विजेची) होती, परंतु आकडे हाताशी पक्के असावेत म्हणून मी आजचेच प्रमाण धरले आहे. १:८७ मध्ये ही उंची ६४.४ मिलिमीटर होते. माझ्या पादचारी पुलाचा तळ रुळापासून ५८ मिलिमीटरवर आहे. म्हणजे तार पुलाखालून जाण्याऐवजी पुलाच्या पोटातून गेली असती. २०१९ मध्ये पूल बांधताना मी इंजिनाचे धुराडे तेवढे मोजले होते.

तार पुलाखाली खाली ओढून घेता येते, हा मार्ग कोणीही सुचवील. पण ती एकदम उतरवता येत नाही. मुख्य मार्गावर संपर्क तारेचा उतार मीटरमागे ३ मिलिमीटरपेक्षा जास्त ठेवायचा नसतो, कारण त्याहून तीव्र उतार असला की वेगात येणाऱ्या गाडीचा पँटोग्राफ, म्हणजे टपावरची तारेतून वीज घेणारी चौकट, तारेवरून उसळतो आणि ठिणग्या पडतात. तार केवळ ६० सेंटिमीटर खाली आणायची तरी पुलाच्या दोन्ही बाजूंना २००-२०० मीटर अंतर लागते. माझ्या प्रमाणात ते २.३ मीटर झाले, आणि माझी लांब बाजूची फळी सगळी मिळून ४.२ मीटरची आहे. तेव्हा पूल पाडण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरी अडचण फलाटाच्या छपराची आहे. त्याची कड रुळावर झुकलेली आहे. वाफेच्या काळात ती पावसापासून आडोसा देणारी सोय होती, तर तारेच्या काळात ती विजेच्या अंगावर गेलेली वस्तू ठरते.

तिसरी गोष्ट फलाटाची लांबी. माझा फलाट ६२ सेंटिमीटरचा आहे. चार डब्यांची विजेची गाडी, डबा २०.७ मीटरचा धरला तर, ९५ सेंटिमीटर भरते.

संध्याकाळी हे सारे आकडे एका कागदावर मांडले, तेव्हा काम सोपे असल्याचा गेल्या आठवड्यातील समज निम्मा उतरला होता.

२ ऑक्टोबर २०२४

पूल पाडला. लाकडी पट्ट्या फेव्हिकॉलने बसवलेल्या होत्या. ओल्या फडक्याने तासभर शेकून त्या अखंड सुटल्या, आणि कठडे नव्या पुलासाठी बाजूला ठेवता आले.

सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये अठरा तासांचा ब्लॉक घेऊन, म्हणजे गाड्या बंद ठेवून, पाडण्यात आला, त्याची आज साहजिकच आठवण झाली. त्याची कमी उंची हे त्यामागचे एक कारण होते. डीसीचे एसी (प्रत्यावर्ती वीज) झाल्यावर तारेला पुलापासून अधिक अंतर द्यावे लागते. २५ केव्हीसाठी ते स्थिर स्थितीत २५० मिलिमीटर असते, आणि जुन्या पुलांखाली एवढी जागा कोणी राखून ठेवलेली नव्हती. पूल मुकाट्याने उभा असतो तोवर तो पायी जाणाऱ्यांचा असतो. तार आली की तो आमच्या विभागाचा होतो, असे आमचे एक वरिष्ठ थट्टेने म्हणत असत.

आता नव्या पुलाचा हिशेब. संपर्क तार ६४.४ मिलिमीटरवर. तिला धरून ठेवणारी कॅटेनरी एरवी तिच्या १.४० मीटर वर असते, म्हणजे माझ्याकडे १६ मिलिमीटर. पुलाखाली ती जवळ आणून ५ मिलिमीटर ठेवता येईल. त्यावर ३ मिलिमीटर मोकळी जागा, आणि हात वाकडा पडण्याची सूट म्हणून आणखी साडेतीन. पुलाचा तळ ७६ मिलिमीटरवर आला.

पूल १८ मिलिमीटरने उंच झाला, याचा अर्थ जिन्याला साधारण अकरा पायऱ्या वाढल्या. पायऱ्या वाढल्या म्हणून जिना ३८ मिलिमीटर लांबला. लांबलेल्या जिन्याचे शेवटचे पाऊल थेट तिकीट खिडकीसमोर पडू लागले. तेव्हा तिकीट घर हलवावे लागणार, आणि ते हलवले की स्टेशनमास्तरांची खोली, पाण्याचा हौद आणि तांगे उभे राहण्याची जागाही सरकणार. एका तारेच्या उंचीने अख्ख्या स्थानकाचा आराखडा बदलला, तो असा.

१२ ऑक्टोबर २०२४

दसरा. सोल्डरिंग आयर्न, पक्कड, कानस आणि मल्टिमीटर यांची पूजा केली. आज हत्यारांना हात लावला नाही.

२७ ऑक्टोबर २०२४

पोर्टले तयार करण्यास सुरुवात केली. दोन्ही मार्गांच्या बाहेर एकेक खांब आणि वर आडवी तुळई, अशी ही चौकट असते. मुंबईच्या जुन्या विद्युतीकरणातील रिव्हेट मारलेली जाळीदार पोर्टले ज्यांनी दारात उभे राहून प्रवास केला आहे त्यांच्या डोळ्यांत बसलेली असतात, म्हणून तेथे साधी पट्टी वापरून भागवणे मला पटले नाही.

मुंबईतील तांबा काटा बाजारातून पितळेचे एक मिलिमीटरचे कोन आणि अर्ध्या मिलिमीटरची तार आणली. दुकानदाराने विचारले, "काका, दागिना आहे का?" मी म्हटले, "रेल्वे आहे." त्याने वजन करून पुडी बांधली आणि पुढे काही विचारले नाही.

एका खांबाला चार कोन आणि चारही बाजूंनी नागमोडी जाळी लागते. सागवानी फळीवर खाचा पाडून एक साचा केला. त्यात दोन कोन बसवायचे, वळवलेली तार त्यांच्यामध्ये ठेवायची आणि प्रत्येक टोकाला कथलाचा डाग द्यायचा. एका बाजूला चौदा डाग होतात, म्हणजे एका खांबाला छप्पन्न. तिसरा डाग देताना पहिला सुटतो, ही यातली खरी मेख आहे. त्यावर उपाय म्हणून ओल्या कापसाचा बोळा आधीच्या डागावर ठेवतो, म्हणजे उष्णता तेथवर पोहोचत नाही. पहिल्या खांबाला दोन संध्याकाळी लागल्या, चौथ्याला पाऊण तास लागला.

सरळ मार्गावर ३६ मीटरचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधले अंतर, धरला आहे, तो प्रतिकृतीत ४१४ मिलिमीटर होतो. आजच्या ओव्हरहेडमध्ये गाळा साडेचार मीटरच्या पटीत ७२ मीटरपर्यंत नेता येतो, पण ८२८ मिलिमीटरवर एक खांब ठेवला तर माझ्या फळीवर मोजून पाचच खांब दिसले असते आणि उपनगरी मार्गाचा दाटपणा हरवला असता. खांबाचे रुळमध्यापासूनचे अंतर अडीच मीटर, म्हणजे जवळजवळ २९ मिलिमीटर. एकूण १७ पोर्टले लागतील.

येथे एक कबुली देणे भाग आहे. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा असल्यामुळे १:८७ मध्ये तो १९.२६ मिलिमीटर यायला हवा, परंतु बाजारात मिळणारा रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो. हा पावणेतीन मिलिमीटरचा खोटेपणा मी २०१९ पासून पदरी बाळगून आहे. रूळ उखडून नव्याने टाकण्याचे वय आता राहिलेले नाही.

५ नोव्हेंबर २०२४

दिवाळीनिमित्त पाहुणे असल्याने आठवडाभर काम बंद. टेबल फराळाच्या डब्यांनी व्यापले आहे.

२४ नोव्हेंबर २०२४

पाये झाले. फळीला तीन मिलिमीटरची भोके पाडून त्यात पितळेच्या नळ्या बसवल्या, आणि खांबाच्या बुडाची खिळी नळीत उतरवली. त्यामुळे खांब काढता-घालता येतो. खऱ्या मार्गावर काँक्रीट ओतून खांब एकदाचा उभा करतात, ही चैन मला नाही.

सिग्नलपाशी काम अडले. माझा होम सिग्नल (स्थानकात शिरण्यापूर्वीचा) जुना सेमाफोर, म्हणजे वर-खाली होणाऱ्या हाताचा आहे, आणि सहाव्या पोर्टलाचा खांब बरोबर त्याच्यासमोर येत होता. मोटरमनला सिग्नल दुरून आणि सलग दिसला पाहिजे, म्हणून सिग्नलच्या अलीकडचे खांब रुळापासून अधिक दूर ठेवतात. डोळा फळीच्या पातळीला आणून दीड मीटर अंतरावरून पाहिले, तर सेमाफोरचा हात खांबाच्या जाळीत गुरफटलेला दिसला. सहावे पोर्टल ४० मिलिमीटर मागे घेतले आणि त्याची तुळई रुंद करून घेतली. आता एक गाळा लांब व एक आखूड झाला आहे, तो तसाच ठेवतो. प्रत्यक्ष मार्गावरही सगळे गाळे सारखे कधीच नसतात, कोठे सिग्नल, कोठे मोरी, कोठे गटार आडवे येते.

आमच्या डेपोतील एक निवृत्त लाइनमन आज भेटायला आले होते. त्यांनी चहाचा कप हातात घेऊन सगळा मार्ग खालून वरपर्यंत न्याहाळला आणि वळणापाशी थांबले. म्हणाले, "साहेब, इथे गाळा मोठा वाटतोय." मी त्यांना म्हटले की तीनशे मिलिमीटर आहे, चालून जाईल. ते आणखी काही बोलले नाहीत. नोकरीतही ते असेच एकदाच सांगत असत.

१५ डिसेंबर २०२४

स्थानकाची बांधणी. तीन आठवडे यातच गेले.

फलाट १०५ सेंटिमीटर केला. जुना भाग दगडी कडेचा असल्याने वाढीव भाग वेगळा ओळखू यावा, असे ठरवले. स्थानके अशीच वाढत जातात, आणि जुन्या-नव्या बांधकामाची शिवण नीट पाहणाऱ्याला त्यात दिसते. हार्बर मार्गावर नऊ डब्यांच्या गाड्या अनेक वर्षे चालल्या आणि २०१६ मध्ये बारा डब्यांची गाडी आली, त्या वेळीही फलाट लांबवावे लागले होते. सँडहर्स्ट रोडला तर मुख्य मार्गाचे फलाट जमिनीवर आणि हार्बरचे वरच्या मजल्यावर आहेत. तशा ठिकाणी फलाट वाढवणे म्हणजे पुलाला पूल जोडणे होय. माझा फलाट प्लायवूडवर आहे, एवढे सुख.

छपराची कड ११ मिलिमीटर मागे घेतली. कौले एकेक ओळ उतरवून काढली, वासे कापले आणि पुन्हा चढवली. पन्हळ रुळाच्या बाजूला होती, ती मागच्या बाजूला फिरवली. छपराचे पाणी तारेवर किंवा इन्सुलेटरवर पडता कामा नये, आणि मुंबईच्या पावसात पन्हळीची चूक पहिल्याच आठवड्यात उघडी पडते.

तिकीट घर आता जिन्याच्या पलीकडे गेले असून त्याच्या जुन्या जागी दगडी जोत्याचा चौकोन उघडा पडला आहे. तो बुजवणार नाही. तेथे बाक ठेवला की कोणालाही वाटेल, येथे पूर्वी काहीतरी होते.

पाण्याचा हौद आणि इंजिनाला पाणी देणारा खांब काढावा की ठेवावा, यावर बराच विचार केला. विजेची लोकल आली तरी मालगाड्या लगेच विजेवर गेल्या नव्हत्या, आणि शेजारच्या पोर्ट ट्रस्टच्या रेल्वेवर वाफेची इंजिने पुढेही दीर्घकाळ होती. म्हणून हौद ठेवला. त्याच्यावरून तार जाणार नाही, याची मात्र खबरदारी घेतली, कारण तारेखाली हौदावर चढून झडप फिरवणारा माणूस ही कल्पनाही मला सहन होत नाही.

२९ डिसेंबर २०२४

तार ओढण्यास प्रारंभ. ०.४ मिलिमीटरची पितळी तार वापरली. खरी संपर्क तार १०७ चौरस मिलिमीटर छेदाची असते. तिची जाडी प्रमाणात काढली तर सुमारे ०.१४ मिलिमीटर येते, पण एवढी बारीक तार पँटोग्राफच्या दाबाला टिकत नाही. दोन वेळा तुटल्यावर हा नाद सोडला.

नात सातवीत आहे आणि नाताळच्या सुट्टीत मदतीला आलेली आहे. तिने पहिल्या तीन गाळ्यांतील तार पाहून विचारले, "आजोबा, तार वाकडी का लावलीत? सरळ ओढा ना." तिला पँटोग्राफ हातात देऊन तारेखालून हळूहळू सरकवायला सांगितले. तार एका खांबापाशी रुळमध्याच्या डावीकडे, पुढच्या खांबापाशी उजवीकडे ठेवलेली असते. सरळ मार्गावर हे अंतर २०० मिलिमीटरपर्यंत ठेवतात, माझ्याकडे २.३. त्यामुळे गाडी पुढे जाताना तार पँटोग्राफच्या पट्टीवर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत राहते. ती एकाच जागी घासत राहिली असती, तर करवतीने कापल्यासारखी पट्टीत खाच पडली असती. नातीने सहा वेळा पँटोग्राफ सरकवून पाहिला आणि नंतर ड्रॉपर, म्हणजे संपर्क तारेला कॅटेनरीपासून लटकवणारे उभे तुकडे, कापण्याचे काम आपणहून अंगावर घेतले. एका गाळ्याला पाच ड्रॉपर, आणि प्रत्येकाची लांबी वेगळी, मधला सर्वांत आखूड. तिने ते कागदावर चिकटवून क्रमांक घातले आहेत. आमच्या स्टोअरमध्येही इतकी शिस्त नसे.

काम करताना वीज बंद करून तारेला दोन्ही बाजूंनी चिमटे लावून ते रुळाला जोडतो. बारा व्होल्टला याची गरज नाही, हे मलाही समजते. पण अर्थिंग लावल्याशिवाय तारेला हात लावणे आता या हातांना जमत नाही.

१२ जानेवारी २०२५

अपघात. लाइनमनदादांचे म्हणणे खरे ठरले.

वळणाची त्रिज्या ९० सेंटिमीटर आहे आणि गाळा ३०० मिलिमीटर ठेवला होता. खांबापाशी तार रुळमध्यावर असली तरी दोन खांबांच्या मध्ये ती सरळ रेषेत जाते आणि रूळ मात्र वळत असतो. गाळ्याचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, या हिशेबाने मध्यभागी तार १२.५ मिलिमीटर बाजूला पडते. माझ्या पँटोग्राफची अर्धी रुंदी १० मिलिमीटर आहे. हे गणित मी तीस वर्षे दुसऱ्यांना शिकवले, आणि घरच्या फळीवर करायचे विसरलो.

चाचणीची गाडी वळणावर शिरली, गाळ्याच्या मध्याजवळ तार पट्टीच्या टोकावरून निसटली, पँटोग्राफ वर उसळून तारेच्या वरच्या बाजूला गेला आणि गाडी पुढे सरकताच ड्रॉपर कपड्याची चेन उघडावी तसे एकामागून एक उपटले गेले. दीड मीटर तार गाडीच्या टपावर गुंडाळली गेली, एका पोर्टलाचा ब्रॅकेट तुटला आणि पँटोग्राफची एक भुजा वाकली. हे सगळे चार सेकंदांत झाले. नात काही बोलली नाही. आतून आवाज आला, "अहो, काय पडलं?" मी म्हटले, "काही नाही, तार." ते उत्तर सेवेतल्या कित्येक मध्यरात्रींच्या फोनवर दिलेले होते, फक्त तेव्हा पलीकडे कंट्रोलरूम असे.

दुरुस्ती अशी केली : वळणावर प्रत्येक गाळ्याच्या मध्ये एक जादा खांब, म्हणजे गाळा १५० मिलिमीटर आणि मधला फरक ३.१ मिलिमीटर. शिवाय खांबापाशी तार वळणाच्या बाहेरच्या अंगाला दीड मिलिमीटर ओढली, म्हणजे तो फरक दोन्हीकडे सारखा विभागला जातो. पाच खांब नव्याने करावे लागले.

पँटोग्राफचा दाबही तपासला. खऱ्या पँटोग्राफचा दाब सुमारे ७ किलो असतो. माझा पँटोग्राफ छोट्या डिजिटल तराजूवर दाबून पाहिला, तर ६० ग्रॅम भरले. एवढ्याने तार गाळ्याच्या मध्यभागी वर उचलली जात होती. स्प्रिंगची दोन वेटोळी कापून तो २५ ग्रॅमवर आणला.

लाइनमनदादांना फोन करून सर्व सांगितले. ते म्हणाले, "ठीक आहे साहेब, संक्रांतीला येतो."

२६ जानेवारी २०२५

परतीच्या मार्गाने आठवडा खाल्ला. तारेतून आलेली वीज गाडीतून रुळात उतरते आणि रुळातून सबस्टेशनला परत जाते, हे तत्त्व खऱ्या मार्गावर आणि माझ्या फळीवर एकच आहे. पण माझ्याकडे वाफेचे इंजिनही आहे, आणि ते खेळण्यातल्या पद्धतीप्रमाणे दोन रुळांमधील व्होल्टेजवर चालते. म्हणून समुद्राकडील रूळ दोन्ही गाड्यांसाठी सामाईक परतीचा ठेवला, डोंगराकडील रूळ इंजिनासाठी आणि तार लोकलसाठी. कागदावर हे सुबक होते. प्रत्यक्षात नातीने लोकल उचलून उलट्या तोंडाने ठेवली, तेव्हा ती जागची हलेना, कारण तिची परतीची चाके आता डोंगराकडील रुळावर आली होती. शेवटी डब्याखाली एक छोटा स्विच बसवला आणि गाडी कोणत्या तोंडाने ठेवली आहे त्याप्रमाणे तो फिरवायचा, असे ठरले.

व्होल्टेज पडण्याचा त्रासही दिसला. फळीच्या टोकाला गाडी मंद चालत होती. बारीक तारेतून एकाच ठिकाणी वीज दिली की असे होणारच. १,५०० व्होल्टची यंत्रणा मुंबईत याच कारणाने अवघड होत गेली. एखाद्या गाडीला ३,००० किलोवॉट लागतात असे धरले, तर १,५०० व्होल्टला २,००० अँपिअर लागतात आणि २५ केव्हीला फक्त १२०. जास्त करंट म्हणजे जाड तारा आणि जवळजवळची सबस्टेशने. मीही फळीखालून जाड वायर नेऊन तारेला तीन ठिकाणी जोडले. फीडर टाकल्यावर गाडी शेवटपर्यंत एकाच वेगाने गेली.

३ फेब्रुवारी २०२५

शंभर वर्षे झाली. काम पूर्ण झालेले नाही. वळणापलीकडची तार बाकी आहे, पुलाला एका बाजूचा जिना नाही आणि तिकीट घराला छप्पर नाही. पण स्थानकाचे दोन्ही फलाट आणि अलीकडचे सात गाळे चालू करता आले.

संध्याकाळी लाइनमनदादा, शेजारचे एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, नात आणि सौ., एवढे निमंत्रित होते. पेढे होते. नातीने रिबीन आणली होती, ती तारेपासून पुरेशा अंतरावर बांधली आहे ना हे दादांनी पाहून घेतले. चार डब्यांची गाडी अडीच मीटर अंतर गेली, थांबली आणि परत आली. पँटोग्राफखाली दोन ठिकाणी निळी ठिणगी दिसली. खोलीतला दिवा मालवून ती पुन्हा पाहण्याचा आग्रह सौं.नी धरला, आणि गाडी अंधारात आणखी चार वेळा चालवली.

दादा खुर्चीत बसून ९ एप्रिल २०१६ च्या रात्रीबद्दल बोलले. कुर्ल्याहून शेवटची डीसी लोकल सुटली, तेव्हा ते मार्गावर होते. ९१ वर्षे ज्या तारेत १,५०० व्होल्ट होते तिच्यात त्यानंतर २५ हजार आले. ते म्हणाले, "तार बघून काही कळत नाही साहेब, फरक आवाजात असतो." आता पावसाळी रात्री इन्सुलेटरजवळ बारीक चुरचुर ऐकू येते, ती पूर्वी नव्हती.

१६ मार्च २०२५

उन्हाळ्याने नवीन दोष दाखवला. दुपारी गॅलरीतून ऊन आत येते आणि फळीवरचे तापमान जानेवारीतील पहाटेपेक्षा १५ अंशांनी अधिक असते. आज दुपारी सर्व गाळ्यांत तार लोंबलेली दिसली.

हिशेब असा. दोन मीटर पितळी तार १५ अंशांनी तापली की जेमतेम ०.५७ मिलिमीटर वाढते. चार गाळ्यांत वाटली तर गाळ्यामागे ०.१४. ही वाढ डोळ्याला दिसणारही नाही, असे वाटते. पण ताणून बसवलेल्या अर्ध्या मीटरच्या तारेत एवढी वाढ झाली, तर ती मध्यभागी पाच मिलिमीटर खाली येते. लांबीतील किरकोळ वाढ लोंबण्यात पस्तीसपट होऊन दिसते, आणि म्हणून दोन्ही टोके घट्ट डागलेली तार चालत नाही.

खऱ्या मार्गावर यासाठी तारेच्या टोकाला कप्पीवरून वजने लटकवलेली असतात. साडेसातशे मीटर तांब्याची तार ४० अंशांच्या फरकाने अर्धा मीटर वाढते, तेव्हा वजन खाली उतरते आणि ताण तेवढाच राहतो. फलाटाच्या टोकाला खांबाशेजारी लटकणारी ती गोल वजनांची चळत अनेकांनी पाहिली असेल. मासेमारीच्या गळाला लावतात ती शिशाची वजने कोळणीच्या शेजारी बसणाऱ्या एका जाळीवाल्याकडे मिळाली. घड्याळाच्या चाकाची कप्पी करून तारेच्या शेवटच्या टोकाला ४० ग्रॅम लटकवले. वजने गंजलेल्या लोखंडासारखी रंगवली, आणि खांबावर त्यांच्या हालचालीसाठी अंशांच्या खुणाही केल्या.

दुपारी तीन वाजता वजन दोन खुणा खाली होते. रात्री दहाला वर.

३० मार्च २०२५

पाडवा. वळणापलीकडचे काम संपले, शेवटचे दोन खांब आज रंगवले. पुलाचा दुसरा जिना बसला. जुने कठडे नव्या पुलाला जसेच्या तसे लागले, फक्त अकरा पायऱ्यांपुरता नवा कठडा करावा लागला आणि त्याचा रंग थोडा उजळ आला आहे. कॉफीच्या पाण्याचा हात मारून पाहिला, तरी फरक राहिलाच.

गाडी टोकापासून टोकापर्यंत वीस फेऱ्या चालली. एकदाही पँटोग्राफ निसटला नाही. नातीने प्रत्येक फेरीची वेळ लिहून ठेवली. अकराव्या फेरीला नऊ सेकंद जास्त लागले. तिच्या वहीत त्यापुढे कारण लिहिले आहे : "मांजर."

तिकीट घराला छप्पर अजून नाही. चौदाव्या गाळ्यातील तिसरा ड्रॉपर सुटला आहे, तो उद्या पुन्हा डागायचा.